फोर बाय फोर लागत नाही: पिकअपचा बिघाड शोधायला शिकताना

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "फोर बाय फोर चालत नाही." फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणं, आणि या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात. स्विच फिरवला तरी मीटरमधला दिवा नुसताच लुकलुकतो, ही एक. दिवा लागतो पण पुढची चाकं ओढत नाहीत, ही दुसरी. पुढून घरघर येते, ही तिसरी. आणि एकदा लागलं की सुटतच नाही, ही चौथी. नव्याने शिकायला येणाऱ्यांना मी पान्याआधी प्रश्न विचारायला लावतो: काय होतं, कधी होतं, कसल्या रस्त्यावर होतं?

शेवटच्या तक्रारीत बऱ्याचदा काहीच मोडलेलं नसतं. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतंच लावायच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडी) नसतं, त्यामुळे दोन्हींकडे जाणारे शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. मातीत चाक थोडं घसरतं आणि निभावतं. कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाही, ताण शाफ्टमध्ये साठतो आणि गिअर आवळून बसतात. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की बहुधा सुटतं. तरीही तक्रार परत आली, तर चारही टायरचा साइझ आणि झीज बघा. पुढे जुने आणि मागे नवे टायर असले, तर हा ताण सरळ चालतानाही साठत राहतो.

आता खरा बिघाड. पुढच्या चाकांपर्यंत ताकद जायला दोन जोडण्या व्हाव्या लागतात. पहिली गिअरबॉक्सच्या मागच्या, ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये, दुसरी पुढच्या ॲक्सलमध्ये किंवा चाकाच्या मध्यभागी असलेल्या हबमध्ये. यातली कोणती होत नाही हे कळलं की अर्धं काम झालं. हे कळेपर्यंत एकही बोल्ट सोडायचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

ते हातानेच कळतं. फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावा आणि गाडी थोडी पुढे-मागे हलवा, म्हणजे दात जुळतील. इंजिन बंद करा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, नाहीतर गिअरमध्ये ठेवा. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसकडून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) फिरवून बघा. तो मोकळा फिरला तर ट्रान्सफर केस लागलेलाच नाही. घट्ट असेल तर एक चाक फिरवा. दुसरं चाक उलट दिशेने फिरलं, तर दोन्ही बाजू जोडल्या गेल्या आहेत. ते जागचं हललं नाही, तर दोष ॲक्सलमध्ये किंवा हबमध्ये आहे. फक्त पुढची चाकं उचललेली असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका. मागची चाकं जमिनीवर असतात आणि गाडी स्टँडवरून उडी मारते.

शाफ्ट मोकळा फिरला तरी ट्रान्सफर केस लगेच उतरवू नका. स्विचवाल्या गाडीत आधी फ्यूज, रिले आणि अर्थिंगची वायर तपासा. मग एकाला स्विच फिरवायला बसवा आणि शिफ्ट मोटरच्या (ट्रान्सफर केसची जोडणी बदलणाऱ्या मोटरच्या) कनेक्टरवर मल्टीमीटर धरा. व्होल्टेज क्षणभरच येतं, म्हणून नजर मीटरवरच हवी. व्होल्टेज येतं आणि मोटर हलत नाही, तर मोटर काढा आणि शिफ्टचा दांडा पान्याने फिरवून बघा. तो नीट फिरला तर मोटर खराब, अडला तर दोष आत. स्कॅनरचा कोड कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही. कोड वाचून थेट मोटर मागवणं हा वाया गेलेला खर्च मी फार बघितला आहे. फोर-एच लागतं पण फोर-एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त ताकद; म्हणजेच लो रेंज) लागत नसेल, तर न्यूट्रलचा सिग्नल तपासा. बहुतेक गाड्यांत न्यूट्रल आणि जवळपास थांबलेली गाडी, या दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय लो रेंज लागत नाही.

ॲक्सलकडे दोष असेल आणि तिथली जोडणी व्हॅक्यूमने, म्हणजे नळ्यांतून येणाऱ्या हवेच्या ओढीने होत असेल, तर माझा पहिला संशय व्हॅक्यूमवर. रबरी नळ्या उष्णतेने तडकतात, बॅटरीजवळून गेलेल्या असल्या तर ॲसिडने कुजतात. पेट्रोल इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम देतं, उंचावर गेलं की हा आकडा कमी होतो. डिझेलला वेगळा पंप असतो. हातपंपाने ॲक्च्युएटरला (व्हॅक्यूमने जोडणी हलवणाऱ्या डबीला) १५ इंच द्या आणि थांबा. काटा खाली आला तर आतला रबरी पडदा फाटलेला आहे. जुन्या गाडीत एसीची हवा अचानक फक्त काचेकडे येऊ लागली का, हेही विचारा. दोन्हींचा व्हॅक्यूम एकच असेल, तर एकाच गळतीने दोन्ही बिघडतात.

घरघरीची तक्रार समजायला व्हॅक्यूम कोणत्या बाजूने काम करतं ते माहीत हवं. काही पिकअपमध्ये व्हॅक्यूम हब जोडतं, काहींत उलट, म्हणजे टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) व्हॅक्यूम हबला मोकळं धरून ठेवतं. या दुसऱ्या प्रकारात नळी गळू लागली की हब अर्धवट लागतं आणि फोर बाय फोर बंद असतानाच दात घासतात. त्यामुळे त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळं जोडलेलं सापडलं आणि तरी चढावर, जोर पडताना खाडकन झटके येत असतील, तर ट्रान्सफर केसची साखळी ताणून दातांवरून उडत असण्याची शक्यता मोठी. तेल काढून धातूचा कीस बघा. भरताना मॅन्युअलमध्ये दिलंय तेच तेल भरा. अनेक ट्रान्सफर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल लागतं, जाड गिअर ऑइल नव्हे. दुरुस्तीनंतरची चाचणी मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावरच घ्या: फोर-एच, मग थांबून फोर-एल, आणि परत टू-एच. दर वेळी दिवा स्थिर झाल्यावरच पुढचा स्विच फिरवा.