गाडीचा क्लेम : सर्व्हेअर येण्याआधी आणि एस्टिमेट हाती आल्यावर या चुका टाळा

सांगलीत कृष्णेने आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली, की गावभाग आणि नदीकाठच्या वस्त्यांतील लोक माणसे, जनावरे आणि चीजवस्तू हलवण्याच्या मागे लागतात आणि चारचाकी बहुधा शेवटी आठवते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांचा अनुभव असलेल्या या जिल्ह्यात विम्याच्या दाव्याविषयी बोलताना पहिली चूक म्हणून पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावण्याचाच उल्लेख करावा लागेल.

पुराने झालेले नुकसान सर्वंकष पॉलिसीत समाविष्ट असते. केवळ थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीही मिळत नाही. परंतु पाणी ओसरल्यावर गाडी चालू होते का, हे पाहण्यासाठी स्टार्टर मारला, तर पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाते आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान पुरामुळे नव्हे, तर नंतर केलेल्या कृतीमुळे झाले, असे विमा कंपनी म्हणते आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण घेतलेले नसल्यास इंजिनाचा खर्च नाकारते. त्यामुळे चावी न लावता बॅटरीची जोडणी काढावी, पाण्याची रेषा कुठवर आली आहे हे दिसेल असे फोटो नंबर प्लेटसह काढावेत, कंपनीला कळवावे आणि गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी. नदीकाठी राहणाऱ्याने इंजिन प्रोटेक्टशिवाय पॉलिसी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपघाताच्या बाबतीत सर्वाधिक घात करणारी चूक म्हणजे हकिकत बदलून लिहिणे. गाडी चालवणाऱ्याकडे वैध परवाना नव्हता म्हणून दुसऱ्याच नातेवाइकाचे नाव टाकण्याचा सल्ला देणारे लोक पेठ नाक्यापासून मिरजेपर्यंत कुठेही भेटतात. तो सल्ला मुळीच ऐकू नये, कारण धडक कोणत्या बाजूने बसली हे पत्र्यावरच्या खुणांवरून कंपनीतर्फे नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरला समजते आणि विसंगती सापडली की रास्त दावासुद्धा फेटाळला जातो. कंपनीला कळवायला उशीर झाला असेल तर त्याचे खरे कारण लिहून द्यावे. केवळ उशिराच्या कारणावरून खरे दावे नाकारू नयेत, अशी सूचना विमा नियामक प्राधिकरणाने २०११ मध्येच कंपन्यांना दिलेली आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांची एक चूक वेगळी आहे. आरसी बुकावर नाव चढले म्हणजे विमाही आपोआप आपला झाला, असे ते समजतात. कायद्याने आपोआप हस्तांतरित होते ते केवळ थर्ड पार्टी संरक्षण; स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मिळण्यासाठी खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो.

आता एस्टिमेटकडे वळू, कारण सर्वाधिक वाद तिथेच होतात. गॅरेजचे एस्टिमेट हा गॅरेजने मांडलेला अंदाज असतो आणि कंपनी पैसे देते ते सर्व्हेअरच्या मूल्यांकनाप्रमाणे, हा फरक लक्षात न घेता अनेक जण एस्टिमेटच्या आकड्यावर विसंबून कामाला होकार देतात. समजा, गाडी चौथ्या वर्षात आहे, म्हणजे तिला तीन वर्षे पूर्ण झाली आहेत आणि झिरो डेप, म्हणजे घसारा कापला जाऊ नये म्हणूनचे जादा संरक्षण, घेतलेले नाही. ८,००० रुपयांच्या प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के, तर १२,००० रुपयांच्या पत्र्याच्या दरवाजावर २५ टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची घट, कापला जातो. पेंटिंगचे १०,००० रुपयांचे एकत्रित बिल असेल तर त्यातील २५ टक्के रक्कम रंगसाहित्याची धरून तिच्यातून निम्मी, म्हणजे १,२५० रुपये वजा होतात. काचेवर घसारा नाही. मजुरीचे ६,००० रुपये धरून एकूण ३६,००० रुपयांच्या या कामात ८,२५० रुपये घसाऱ्याचे आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट जाऊन २६,७५० रुपये मंजूर होतील. उरलेले ९,२५० रुपये मालकाने भरायचे. हा हिशेब गाडी खोलण्यापूर्वी गॅरेजवाल्याकडून कागदावर मांडून घ्यावा. त्याचबरोबर प्रत्येक भागासमोर ‘दुरुस्ती’ लिहिले आहे की ‘बदली’, हेही पाहावे, कारण गॅरेजने बदलायचा ठरवलेला फेंडर सर्व्हेअरने डेंटिंगमध्ये टाकला तर फरक आपल्यावर येतो. त्याचा निर्णय पटत नसेल तर तो का पटत नाही हे गॅरेजच्या लेखी तांत्रिक अभिप्रायासह त्याच वेळी कळवावे.

सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी काम सुरू करणे, ही चूक घाईमुळे होते. बॉनेट उघडल्यावर रेडिएटर किंवा चॅसिसचे आतले नुकसान दिसले, तर काम थांबवून पुरवणी एस्टिमेट द्यावे आणि सर्व्हेअरला पुन्हा बोलवावे. काढलेले जुने भाग अंतिम तपासणी होईपर्यंत फेकू नयेत, कारण भाग खरोखर बदलला याचा तोच पुरावा असतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या सध्याच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्त करणे परवडत नाही अशी धरून, काढली जाते. अशा वेळी नवी गाडी घेताना मोजलेली किंमत मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

लहान ओरखड्यांसाठी क्लेम करण्यापूर्वी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, तपासावा. तो ५० टक्क्यांवर पोहोचला असेल आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा विमा हप्ता १२,००० रुपये असेल, तर ४,००० रुपयांच्या क्लेमसाठी पुढच्या वर्षीची ६,००० रुपयांची सवलत जाते.

दावा नाकारला गेला किंवा रक्कम कमी मंजूर झाली, तर फोनवर वाद घालत बसू नये. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागावी आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करून पोच घ्यावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर सांगली आणि सातारा जिल्ह्यांसाठी पुण्यातील विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, परंतु तिथे प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार ऐकत नाहीत, म्हणून आधी लोकपालांकडे जाणे सोयीचे ठरते.