पद्मिनीच्या दारावरची पट्टी घरीच केली

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीची दारावरची पट्टी चेपली होती. बेळगावात तशी मिळेना, म्हणून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून १ मिमी जाडीचा शुद्ध, मऊ ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. पत्रा घेताना नीट विचारून घ्या. ६०६१-टी६ सारखा कडक मिश्रधातू लहान वळणात तडकतो.

जुन्या पट्टीच्या मापाने सागवानाचा साचा तासला. हातोडीच्या माराने पत्रा कडक होत जातो, तो पुन्हा मऊ करावा लागतो. ॲल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही आणि ६६० अंशांना एकदम वितळतं. म्हणून आधी साबण चोळायचा, गॅस टॉर्चची ज्योत फिरती ठेवायची आणि साबण काळपट झाला की थांबायचं. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. मग लाकडी हातोडीने, कडेपासून हळूहळू.

४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून, शेवटी बफ, म्हणजे कापडी चाकावर चकाकी.

पट्टी थेट बॉडीवर बसवू नका. पोलाद आणि ॲल्युमिनियममध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि खानापूरकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. मध्ये रबराची पट्टी घातली, क्लिपा नायलॉनच्या वापरल्या.