कॅरिबियन सत्तापालट आणि परकीय हस्तक्षेप : एखाद्या प्रकरणाचा अभ्यास कसा करावा

कॅरिबियन देशातील एखादा सत्तापालट अभ्यासाला घेतला की बहुतेक जण सैनिक रस्त्यावर आले त्या दिवसापासून टिपणे काढू लागतात. त्याऐवजी निदान एक पिढी मागे जावे आणि ज्या सैन्याने सत्ता बळकावली ते मुळात कोणी उभारले, हे आधी शोधावे. डोमिनिकन प्रजासत्ताकावर १९१६ ते १९२४ या काळात अमेरिकेचा लष्करी ताबा होता. त्या काळात अमेरिकी मरीन दलाने जे राष्ट्रीय रक्षकदल घडवले, त्यातूनच राफाएल त्रुहियो वर आला. १९३० मध्ये त्याने सत्ता हाती घेतली आणि १९६१ मध्ये त्याची हत्या होईपर्यंत ती सोडली नाही. पुढे हुआन बोश हे निवडणूक जिंकून अध्यक्ष झाले, तेव्हा सात महिन्यांत, सप्टेंबर १९६३ मध्ये, त्यांना पदच्युत करणारे सैन्य त्रुहियोच्याच राजवटीत वाढलेले होते. एप्रिल १९६५ मध्ये बोश यांना परत आणण्यासाठी उठाव झाला, तो काही दिवसांत थोपवायला अमेरिकेचे सैन्य पुन्हा उतरले आणि त्याची संख्या २० हजारांच्या वर गेली. १९१६ हे वर्ष टिपणात नसेल, तर १९६५ चा प्रसंग अचानक उद्भवलेला दिसतो.

सैन्याच्या शेजारी पैशाचा रकाना आखावा. बंदरावरची जकात कोण गोळा करत होते आणि सरकारी बँकेची सूत्रे कोणाकडे होती, हे दोन प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तरी कधीही वगळू नयेत. हैतीमध्ये अध्यक्ष व्हिल्ब्रें गियोम साम यांना जमावाने ठार मारल्यावर २८ जुलै १९१५ रोजी अमेरिकी मरीन उतरले, असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. परंतु त्याच्या सात महिने आधी, डिसेंबर १९१४ मध्ये, मरीन सैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने युद्धनौकेवर चढवून न्यूयॉर्कला नेले होते. आणखी मागे गेल्यास १८२५ सालची खंडणी सापडते : स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात फ्रान्सने १५ कोटी फ्रँक मागितले, ते १८३८ मध्ये ९ कोटींवर आणले, आणि त्या ओझ्यापायी काढलेल्या कर्जांनी हैतीची तिजोरी कित्येक दशके पोखरली. हैतीचे राज्यकर्ते वारंवार का कोसळत होते, याचे उत्तर केवळ त्यांच्या स्वभावात शोधणे मला अन्यायाचे वाटते.

यानंतर दिवसवार तक्ता तयार करावा. येथे घाई करू नये, कारण बहुतेक चुका येथेच पकडल्या जातात. ग्रेनेडाचे उदाहरण घेऊ. न्यू ज्युएल चळवळ या डाव्या पक्षाने १३ मार्च १९७९ रोजी, पंतप्रधान एरिक गेरी देशाबाहेर असताना, सत्ता घेतली आणि मॉरिस बिशप पंतप्रधान झाले. ऑक्टोबर १९८३ मध्ये पक्षातील फूट विकोपाला जाऊन बिशप यांना नजरकैदेत टाकण्यात आले. १९ ऑक्टोबरला जमावाने त्यांना सोडवून फोर्ट रुपर्टवर नेले, सैन्याने किल्ला परत घेतला, आणि बिशप व त्यांचे निकटचे सहकारी तेथेच गोळ्या घालून मारले गेले. जनरल हडसन ऑस्टिन यांच्या लष्करी परिषदेने दिवसरात्रीची संचारबंदी लावली. २५ ऑक्टोबरला अमेरिकी सैन्य उतरले. २३ ऑक्टोबरला लेबनॉनमधील बैरूत येथे स्फोटात अमेरिकेचे २४१ सैनिक मारले गेले, त्यावरून लक्ष हटवण्यासाठी ग्रेनेडावर चढाई झाली, असे विधान पुष्कळदा वाचायला मिळते. तक्ता समोर असेल तर त्यातील अडचण ताबडतोब दिसते : लेबनॉनकडे निघालेला नौदलाचा ताफा बैरूतच्या स्फोटापूर्वीच ग्रेनेडाकडे वळवण्यात आला होता. बैरूतचा परिणाम अंतिम निर्णयावर झाला का, हा प्रश्न विचारता येतो; परंतु हालचालींची सुरुवात त्यातून झाली, असे म्हणता येत नाही.

तक्त्यानंतर समर्थनाची कागदपत्रे तपासावीत, आणि प्रत्येक कारण वेगळे ठेवावे. ग्रेनेडाच्या बाबतीत तीन कारणे पुढे करण्यात आली : तेथील अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्यांची सुरक्षा, पूर्व कॅरिबियन राष्ट्रांच्या संघटनेची विनंती आणि ब्रिटिश राणीचे ग्रेनेडातील प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांचे निमंत्रण. संघटनेच्या १९८१ च्या कराराचे आठवे कलम स्वतः वाचावे; त्यात बाह्य आक्रमणाविरुद्धच्या संरक्षणाची भाषा आहे, आणि येथे तर हत्याकांड देशाच्या आतच घडले होते. शिवाय मोहिमेत सामील झालेले जमैका आणि बार्बाडोस त्या संघटनेचे सदस्यच नव्हते. स्कून यांच्या पत्रावर २४ ऑक्टोबर ही तारीख आहे, मात्र सही प्रत्यक्षात केव्हा झाली याबद्दल वाद आहे. म्हणून अशा पत्राची तारीख आणि ते हाती पडल्याची वेळ नेहमी दोन रकान्यांत लिहावी. मतदानाच्या नोंदीही पाहाव्यात : सुरक्षा परिषदेतील ठराव अमेरिकेने नकाराधिकाराने अडवला, तर २ नोव्हेंबरला आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. शेजाऱ्यांचेही एकमत नव्हते. डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजिनिया चार्ल्स कारवाईच्या बाजूने ठामपणे उभ्या राहिल्या. त्रिनिदाद आणि गयाना विरोधात होते.

मूळ भाषेतील मजकूर मिळत असेल तर भाषांतरावर विसंबू नये. २९ फेब्रुवारी २००४ रोजी हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद अमेरिकेच्या विमानातून देशाबाहेर गेले. त्यांनी स्वेच्छेने राजीनामा दिला, असे अमेरिकेचे म्हणणे. आपले अपहरण झाले, असे त्यांचे. त्यांचे पत्र क्रेओल या हैतीच्या लोकभाषेत होते, आणि त्यातील कळीचे वाक्य ‘मी राजीनामा देत आहे’ असे सरळ वाचायचे की ‘माझ्या राजीनाम्याने रक्तपात टळणार असेल तर’ असे सशर्त, यावर भाषातज्ज्ञांनी आक्षेप नोंदवला. एवढ्या एका ‘तर’वर त्या दिवसाला राजीनामा म्हणायचे की सत्तापालट, हे अवलंबून राहते.

जेथे परकीय सैन्य उतरले नाही, अशी एक-दोन प्रकरणे तुलनेसाठी शेजारी ठेवावीत. सुरिनाममध्ये फेब्रुवारी १९८० मध्ये देसी बाउटर्स आणि इतर सार्जंटांनी सरकार उलथवले. त्रिनिदादमध्ये जुलै १९९० मध्ये जमात अल मुस्लिमीन या तेथील सशस्त्र इस्लामी गटाने पंतप्रधान रॉबिन्सन यांना संसदेत ओलीस धरले, तरी सहा दिवसांत बंडखोरांना शरण यावे लागले. देशातल्या माणसांचे निर्णय आणि चुका अशा प्रकरणांत स्पष्ट दिसतात. ग्रेनेडाकडे परतल्यावर मग बिशप यांच्यावर गोळ्या झाडणारे हात त्यांच्याच देशाचे होते, हेही तितक्याच स्वच्छपणे लिहिता येते. त्याने चढाई कायदेशीर ठरत नाही, आणि चढाईने ती हत्या झाकली जात नाही.

शेवटी देश स्वतः तो प्रसंग कसा स्मरतो, ते नोंदवावे. ग्रेनेडात २५ ऑक्टोबर हा आभारदिन म्हणून पाळला जातो. ज्या विमानतळाच्या बांधकामाकडे अमेरिकेने लष्करी धोका म्हणून बोट दाखवले होते, त्याला २००९ पासून मॉरिस बिशप यांचे नाव आहे. बिशप यांचे अवशेष मात्र अजून सापडलेले नाहीत.