नडगीला रिंग लागल्यावर घरी काय काय करायचं

माझा डावा पाय उजव्यापेक्षा साडेचार सेंटिमीटर आखूड होता. नऊ वर्षांची असताना सायकलवरून पडले आणि नडगीचं हाड नेमकं गुडघ्याखाली, जिथून ते वाढतं तिथंच मोडलं. उजवा पाय वाढत गेला, डावा मागे राहिला. पुढं वीस-बावीस वर्षं उंच तळव्याची चप्पल घालून मी बेळगावच्या शहापुरात कपडे शिवले. 18 जानेवारी 2022 ला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ऑपरेशन झालं. हाड कापून हळूहळू लांब करण्यासाठी नडगीभोवती इलिझारोव्हच्या रिंगा बसल्या, म्हणजे हाडातून गेलेल्या तारांनी धरलेली आणि पेचाच्या दांड्यांनी एकमेकींना जोडलेली धातूची कडी. त्या सात महिने राहिल्या.

ऑपरेशन डॉक्टर करतात, पण त्यानंतरचं निम्मं काम आपल्याला घरात बसून करायचं असतं. ते कसं करायचं हे मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. ज्यांना हे करायचं आहे किंवा ज्यांच्या घरात कुणी रिंग लावून बसलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते. माझे आकडे माझ्या पायाचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या आणि माझे फक्त अंदाजाला वापरा.

पेच फिरवणं

हाड कापल्यावर लगेच ताणत नाहीत. माझं सात दिवस थांबवलं. जखमेत नवं हाड धरायला सुरुवात होते, मग दोन्ही टोकं हळूहळू लांब न्यायची. नवं हाड त्या फटीत भरत राहतं. ही रीत सायबेरियातल्या कुर्गान गावी गव्रील इलिझारोव्ह या डॉक्टरांनी 1950 च्या सुमारास बसवली. त्यांनी एका पेशंटला नट आवळायला सांगितले होते, त्यानं चुकून उलटे फिरवले आणि फटीत नवं हाड दिसलं, असं सांगतात. त्या पेशंटच्या चुकीतून चांगलं निघालं. तुमच्या चुकीतून निघणार नाही, म्हणून दिशा पक्की करा.

मला दिवसाला एक मिलिमीटर करायचं होतं, तेही एका दमात नाही. पाव पेच म्हणजे पाव मिलिमीटर, असं दिवसातून चार वेळा: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. प्रत्येक नटाच्या एका कडेला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि शेजारी रिंगवर बाण काढला. ठिपका किती सरकला ते अर्धवट झोपेतही कळायचं. चार दांडे होते, म्हणजे एका वेळेला चार नट. एखादा राहून गेला तर हाड वाकडं वाढू शकतं. आई पानावर चार रेघा ओढायची आणि एकेक नट झाला की मी रेघ खोडायची. वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळेला दुप्पट फिरवू नका. डॉक्टरांना फोन करा.

सलग फिरवलं असतं तर 45 दिवसांत झालं असतं. मला 48 लागले. का ते खाली येतं.

मुंग्या म्हणजे जोमु

पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या यायला लागल्या. व्यायाम करवून घेणारी मुलगी धारवाडकडची, बोलणं सगळं कन्नडमध्ये. "मडचु" म्हणजे वाकव, "नेट्टगे" म्हणजे सरळ, "निधान" म्हणजे हळू, "साकु" म्हणजे पुरे, एवढं मला येत होतं. "मुंग्या येतात" हे तिला सांगता येईना. मी बोटं नाचवून दाखवली, तिला वाटलं खाजतंय. यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मामींना सोबत नेलं, त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "जोमु हिडिदैती." मुलगी तडक उठून डॉक्टरांकडे गेली. अंगठा वर उचलून बघायला लावला, थोडा कमी उचलला जात होता. नस ताणली जात होती. बारा दिवस चाराऐवजी तीनच वेळा पेच फिरवायचा असं ठरलं, आणि मुंग्या हळूहळू गेल्या.

आपल्याकडं डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, पाटी कन्नडमध्ये, घर मराठीत. त्यामुळं ऑपरेशनच्या आधीच हे शब्द, जे तुमच्यावर उपचार करणार त्यांच्या भाषेत, वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या: दुखतंय (नोवु), बधिर किंवा मुंग्या (जोमु), ताप, पू, सूज. मान-अपमान, भाषेचा वाद हे सगळं बाहेर ठेवा. पाय तुमचा आहे.

रोज सकाळी अंगठा आणि पाऊल स्वतःहून वर उचलून बघा. काल उचललं जात होतं आणि आज जात नाही, तर त्याच दिवशी सांगा. पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखायला लागली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं तर उद्यावर ढकलायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. रक्ताची गाठ झालेली असू शकते.

तारांच्या जागा

तार जिथून कातडीत शिरते ती प्रत्येक जागा म्हणजे एक छोटी उघडी जखम. हात साबणानं धुवायचे, सलाईनच्या पाण्यात भिजवलेला निर्जंतुक गॉज घ्यायचा, एका जागेला एक तुकडा, तोच तुकडा पुढच्या जागेला लावायचा नाही. किती दिवसांनी करायचं ते डॉक्टर सांगतील, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

माझ्याकडून एक चूक झाली. मामींच्या सांगण्यावरून एका जागेला हळद लावली. हळदीच्या पिवळ्यात लाली दिसलीच नाही, आणि पू आला तो चार दिवसांनी कळला. घरात सगळे हळद लावतात, आणि मामींनी मायेनंच सांगितलं होतं. पण तारेच्या जागेवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही लावू नका, मलमसुद्धा. थोडं पातळ पाणी येणं चालतं. लाली पसरत गेली, दुखणं वाढलं, पू घट्ट पिवळा-हिरवा झाला, ताप आला किंवा तार हलायला लागली, तर दाखवायला जा.

बेळगावचा पावसाळा या कामाला वाईट. जून-जुलैमध्ये कपडा वाळतच नाही. मी चादर, टॉवेल, सलवार सगळं इस्त्रीनं कोरडं करून वापरायची. ओलसर कापड रिंगभोवती राहू द्यायचं नाही.

पाऊल आणि गुडघा

हाड लांब होतं, पण स्नायू आणि शिरा आपणहून लांब होत नाहीत. त्या ताणाव्या लागतात. पोटरी आखडली की टाच वर जाते आणि पाऊल घोड्याच्या खुरासारखं खाली टोक करून राहतं. मग हाड जुळलं तरी चालता येत नाही. मला रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं, टॉवेल पावलाला अडकवून आपल्याकडं ओढायला सांगितलं होतं. रात्री पावलाला आधाराची पट्टी.

दुखतंय म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवावीशी वाटते. ठेवू नका. उशीनं बरं वाटतं आणि गुडघा वाकलेलाच राहतो. आधार द्यायचा तर टाचेखाली द्या, म्हणजे गुडघा सरळ पडतो. पहिल्या महिन्यात आईनं मायेनं ठेवलेली उशी मी रोज रात्री काढून ठेवायची. तिला वाईट वाटायचं. नंतर तिला व्यायामाच्या वेळी सोबत नेलं आणि तिनं स्वतः ऐकलं, मग उशी थांबली.

पायावर वजन टाकायचं असतं, पण मोजून. मला आधी वीस किलो सांगितलं. वीस किलो म्हणजे किती हे अंदाजानं कळत नाही. वजनाचा काटा घ्या, डावा पाय काट्यावर, उजवा तेवढ्याच उंचीच्या पाटावर, हात वॉकरवर, आणि काटा वीस दाखवेपर्यंत दाबा. आठवडाभर असं केलं की पायाला ते वजन ओळखीचं होतं. आमच्या जुन्या घराला प्रत्येक दाराला उंबरा आहे. भावानं दोन्हीकडून फळ्यांचा उतार ठोकून दिला. हे ऑपरेशनच्या आधीच करून घ्या.

जुलैमध्ये डॉक्टरांना विचारून शिलाई मशीनवर बसले. पायाच्या मशीनचं पायडल म्हणजे पाऊल वर-खाली, वर-खाली. दहा मिनिटांपासून सुरू केलं. टॉवेलच्या व्यायामाला कंटाळलेला घोटा त्या पायडलवर आनंदानं हलला.

मिश्री

ऑपरेशनच्या आधी विचारलं, सिगारेट ओढता? दारू? मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. पण निपाणीच्या आत्याकडून लागलेली मिश्री मी सोळाव्या वर्षापासून सकाळ-संध्याकाळ दातांना लावत होते. ती तंबाखूच. मला वाटायचं, ती दात घासायची वस्तू आहे. दुसऱ्या एक्स-रेत फटीत हाड फारच पुसट दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी परत विचारलं, आणि आईनं सांगून टाकलं. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि नवं हाड धरायला उशीर लागतो. त्या दिवशी डबी मोरीत रिकामी केली. पहिले दहा दिवस डोकं दुखत होतं, तेव्हा लवंग धरायची तोंडात.

हे मी बायकांना मुद्दाम सांगते, कारण आपल्याला कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. मिश्री, गुटखा, तपकीर, पानातली तंबाखू, सगळं सांगा, ऑपरेशनच्या आधी बंद करा. दुखण्यावरच्या गोळ्याही दुकानातून आपल्या मनानं आणू नका. त्यातल्या काही हाड भरायला आड येतात.

खाणं साधं ठेवलं: नाचणीची आंबील, दूध, दोन अंडी, डाळ, तिळाची चटणी, भाकरी. सकाळचं ऊन. भेटायला येणारे कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, आणतात. एक चमचा खाऊन बाकीचा वाटून टाकायचा.

सगळ्यात कठीण काळ

पेच फिरवायचे दिवस कठीण असतील असं सगळे सांगतात. मला त्यानंतरचे पाच महिने जास्त जड गेले. 13 मार्चला शेवटचा पाव पेच झाला. चप्पलवाल्यानं तळव्याचे चारही थर एकेक करून काढून दिले होते. ते मी खिडकीत ठेवले. पाय सारखा झाला आणि करण्यासारखं काही उरलं नाही. फक्त महिन्याला एक्स-रे आणि "अजून थोडं." मामी रोज दारातून विचारायच्या, "काय गे, अजून पाय वाढूलालाय का?" वाढायचा थांबला होता, भरत होता. वरून काही दिसत नव्हतं. एका संध्याकाळी मी खूप रडले. ऑपरेशनच्या आधी एका ठिकाणी मला "दोन महिन्यांत चालाल" असं सांगितलं होतं आणि तो आकडा डोक्यात बसला होता. घरच्यांनाही खरा आकडा आधीच सांगा: माझ्या वयाला एका सेंटिमीटरला दीड महिन्याच्या आसपास रिंग राहिली.

या काळात वही उपयोगी पडली. दोनशे पानी शाळेची वही, रोज एक ओळ: किती किलो टाकलं, पाऊल किती वर आलं, कुठल्या तारेला लाली, झोप किती. मागं पानं उलटली की पुढं सरकल्याचं दिसायचं.

रिंग 22 ऑगस्टला निघाली, गणपतीच्या आधी नऊ दिवस. मग पाच आठवडे प्लास्टर. नवं हाड अजून कच्चं असतं, या काळात पडलं तर तिथंच मोडू शकतं. गणपतीला गर्दीत गेले नाही, कुणाच्या गाडीवर मागं बसले नाही. नोव्हेंबरात काठी सुटली.

दुसऱ्याला सांगताना

आता लोक विचारायला येतात. मी वही उघडून दाखवते, पण तीन गोष्टी कटाक्षानं पाळते. औषधाचं नाव सांगत नाही. "तुझंही सात महिन्यांत होईल" असं म्हणत नाही. आणि पू आलेली, रडलेली पानं झाकत नाही.

गेल्या वर्षी एक मुलगा आला, उंची थोडी कमी, मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी दोन्ही पाय वाढवायचे म्हणत होता. दोन्ही पाय त्याचे धडधाकट होते. मी त्याला माझ्या नडगीवरच्या तारांच्या खुणा दाखवल्या. ऑपरेशनच्या खुणा भरतीच्या तपासणीत लपत नाहीत, आणि धावता येणारे पाय कापून घेऊ नकोस, असं स्पष्ट सांगितलं. तो रागावून गेला. तरी मी परत तेच सांगेन.

खानापूरकडची एक मुलगी मात्र खरंच अडलेली होती, अपघातानंतर तिचा पाय आखूड राहिलाय. तिला मी माझ्या दोन सलवारी दिल्या. रिंगवरून नेहमीची सलवार चढत नाही, म्हणून बाहेरची शिवण कमरेपासून खालपर्यंत उघडी ठेवून वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या होत्या. आतून मऊ सुती कापड, म्हणजे तारेला धागा अडकत नाही. कुणाला शिवून हवी असेल तर सगळ्यात रुंद रिंगचा बाहेरून घेर, कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी आणि बसल्यावर गुडघ्याजवळचं माप एवढं घेऊन या. घेर मोजताना टेप घट्ट धरू नका, चार बोटं आत जातील एवढी सैल ठेवा, कारण संध्याकाळी पाय सुजतो.