केथ्रीएसमधले नको असलेले घटक बंद करताना

केथ्रीएस (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) टाकलं की ट्रॅफिक (बाहेरच्या वेब विनंत्या आत वळवणारा), सर्व्हिसएलबी (सर्व्हिसला बाहेरचा आयपी देणारा), मेट्रिक्स-सर्व्हर (सीपीयू-मेमरीचा वापर मोजणारा) आणि लोकल-स्टोरेज (नोडच्या डिस्कवर जागा देणारा) न मागता सोबत येतात. मेट्रिक्स-सर्व्हर एकटाच 100 मिलिकोअर (कोअरचे हजारावे भाग) आणि 70 एमआयबी मेमरी मागून ठेवतो. तो नुसता बसून असला तरी शेड्यूलर (कोणतं काम कोणत्या मशीनवर चालेल ते ठरवणारा) तेवढी जागा त्याच्याच नावावर धरतो. एका कोअरच्या मशीनवर हा सीपीयूचा दहावा हिस्सा झाला.

बंद करण्याआधी कोण कशावर अवलंबून आहे ते बघाच. मेट्रिक्स-सर्व्हर गेला की 'क्यूबसीटीएल टॉप' ही वापर दाखवणारी कमांड आणि सीपीयूवर चालणारं ऑटोस्केलिंग (कॉपींची संख्या आपोआप कमी-जास्त होणं) थांबतं. सर्व्हिसएलबी काढून मेटलएलबीसारखा पर्याय दिला नाही, तर नव्या लोडबॅलन्सर सर्व्हिसचा बाहेरचा आयपी 'पेंडिंग'वरच अडकतो. लोकल-स्टोरेज काढल्यावर जुना डेटा डिस्कवर राहतो, पण दुसरा स्टोरेज क्लास नसेल तर नवे पीव्हीसी (स्टोरेजच्या मागण्या) लटकतात. ट्रॅफिक काढणार असाल तर इनग्रेसराउट आणि मिडलवेअर या ट्रॅफिकच्या नियमांच्या यॅमल फाइली आधी बाजूला काढून ठेवा. त्यांचे सीआरडी (हे प्रकार कुबरनेटिसला ओळखवणाऱ्या व्याख्या) ट्रॅफिकसोबतच आलेले असतात आणि त्याच्यासोबत जाऊ शकतात. कोअरडीएनएसला हात लावू नका, सर्व्हिसची नावं त्याच्याच जिवावर सापडतात.

आता सर्व्हर नोडवर (क्लस्टर सांभाळणाऱ्या मशीनवर) 'इटीसी/रँचर/केथ्रीएस' फोल्डरमधली 'कॉन्फिग डॉट यॅमल' उघडा, नसेल तर बनवा. 'डिसेबल' ही की एकदाच लिहायची आणि तिच्याखाली प्रत्येक घटक वेगळ्या ओळीवर, आधी डॅश देऊन. नावात हमखास चूक होते: पॉडचं (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाचं) नाव 'लोकल-पाथ-प्रोव्हिजनर' दिसतं, पण यादीत 'लोकल-स्टोरेज' लिहावं लागतं. मग सिस्टमसीटीएल या कमांडने केथ्रीएस रीस्टार्ट करा आणि 'क्यूब-सिस्टम' या नेमस्पेसमधले पॉड बघा. ट्रॅफिकसाठी 'हेल्म-डिलीट-ट्रॅफिक' नावाचा जॉब येतो, तो पूर्ण होऊ द्या.

काहीच हललं नाही, तर केथ्रीएस सुरू करणारी सिस्टमडीची सर्व्हिस फाइल तपासा. इन्स्टॉल करताना तिथे 'डिसेबल' फ्लॅग दिलेला असेल, तर तोच चालतो आणि कॉन्फिगमधली अख्खी यादी बाजूला पडते. म्हणून सगळी नावं एकाच ठिकाणी ठेवा.

मॅनिफेस्ट फोल्डरमधली (जिथे या घटकांच्या यॅमल फाइली असतात) फाइल नुसती उडवून भागत नाही: चालू पॉड तसेच राहतात आणि रीस्टार्टला फाइल पुन्हा हजर होते. त्याच नावाची, शेवटी 'डॉट स्किप' जोडलेली रिकामी फाइल ठेवली तर घटक पुन्हा लागू होत नाही, पण आधीचा निघतही नाही. मेमरी मोकळी करायची तर 'डिसेबल'च हवं.

तीन सर्व्हर असतील तर यादी तिन्हींवर तंतोतंत सारखी लागते. नुसती कामं चालवणाऱ्या एजंट नोडवर काही लिहावं लागत नाही.