हेपरिनच्या वायलवरचे ५०००

इंदूरच्या एखाद्या आयसीयूत नर्स म्हणून नव्याने रुजू होत असाल तर हेपरिन (इंजेक्शन), एसिट्रॉम (गोळी) ही रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या औषधांची नावं पाठ असतीलच. घात होतो तो वायल वाचताना.

हेपरिनची ५ एमएलची वायल दोन ताकदींत मिळते. एकीत प्रति एमएल १००० युनिट, म्हणजे अख्ख्या वायलमध्ये ५०००. दुसरीत प्रति एमएलच ५०००, म्हणजे अख्खीत २५,०००. ५००० हा आकडा दोन्हींवर असू शकतो आणि नाइट ड्यूटीत डोळा तेवढाच टिपतो. ६० किलोच्या पेशंटला किलोमागे ८० युनिटचा बोलस (सुरुवातीला एकदम द्यायचा डोस) म्हणजे ४८०० युनिट. पहिल्या वायलमधून ४.८ एमएल, दुसरीतून जेमतेम ०.९६. दुसरीतूनच ४.८ भरलंत तर २४,००० युनिट गेले! 'प्रति एमएल' हे बोट ठेवून मोठ्याने वाचा. दुसऱ्या सिस्टरला हिशेब वेगळा करायला सांगा, तुमचं उत्तर आधी सांगू नका. ''दो एमएल लगा दे'' ही तोंडी ऑर्डर कितीही मोठ्या माणसाची असो, किती युनिट ते विचारल्याशिवाय सिरिंज भरू नका. चांगली सीनियर अशा प्रश्नाने चिडत नाही. चिडली तरी विचारा.

एपीटीटी, म्हणजे हेपरिन चालू असताना रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, सुरुवातीला आणि ड्रिपचा वेग बदलला की सहा तासांनी. सॅम्पल हेपरिन चालू असलेल्या हातातून कधीच नको. निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरा. कमी भरली तर ट्यूबमधल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचं प्रमाण वाढतं, एपीटीटी खोटाच लांबलेला येतो आणि गरज असताना डोस कमी होतो. पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान प्लेटलेट निम्म्यावर आले तर रक्तस्राव नसला तरी लगेच डॉक्टरांना कळवा, कारण ही हेपरिनची रिअ‍ॅक्शन असू शकते आणि तीत उलट गुठळ्या होतात.

एवढं वाचून धास्तावू नका. ड्रिप बंद केली की हेपरिनचा असर काही तासांत उतरतो, उतारा म्हणून प्रोटामाइन आहे. ते कुठे ठेवलंय हे ड्यूटीवर येतानाच बघून घ्या.

एनॉक्सापॅरिनच्या (हेपरिनचाच त्वचेखाली द्यायचा प्रकार) भरलेल्या सिरिंजचा पूर्ण डोस द्यायचा असेल तर बुडबुडा काढू नका. बेंबीपासून ५ सेंमी लांब टोचा, नंतर चोळू नका.

एसिट्रॉमचा डोस आज बदलला तरी आयएनआरमध्ये (एसिट्रॉमचा असर मोजणारी रक्ततपासणी) फरक दिसायला दोन-तीन दिवस लागतात. पालेभाजीने एसिट्रॉमचा असर कमी होतो, तरी पेशंटला ''पालेभाजी बंद'' असं सांगू नका. माळव्यात हिवाळाभर घरोघरी मेथी-पालक शिजतो, कोणी ऐकणार नाही. रोज साधारण सारखीच खा म्हणा. मेट्रोनिडाझोल किंवा फ्लुकोनॅझोल ही इन्फेक्शनची औषधं एसिट्रॉमचा असर वाढवतात, ती सुरू झाली तर आयएनआर लवकर करायची आठवण डॉक्टरांना द्या. घरी सोडताना १, २ की ४ मिलिग्रॅमची गोळी ते स्ट्रिप हातात देऊन पेशंटकडूनच वाचून घ्या, आणि अंगदुखीला मेडिकलवरून डायक्लोफिनॅक आणायचं नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे घरच्यांनाही सांगा.