गटाकडे कारभार सोपवताना या चुका टाळा

कारखान्यात स्वयंशासित गट, म्हणजे आपल्या कामाचे निर्णय स्वतः घेणारे कामगारांचे गट, उभे करताना सर्वाधिक वेळा दिसलेली चूक एकच आहे: निर्णय गटाकडे सोपवायचा, मात्र तो मोडण्याचा हक्क खिशात ठेवायचा. भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात ती मी स्वतः केली. गणपतीच्या रजा तुम्हीच ठरवा, असे जुळणी विभागातल्या आठ जणांना मी सांगितले होते. कोकणात जाणाऱ्यांना आधी आणि गौरीसाठी घरी लागणाऱ्यांना नंतर, अशी दोन दिवस घासाघीस करून त्यांनी यादी भिंतीवर चिकटवली. त्याच संध्याकाळी एका जुन्या सेटरने, म्हणजे यंत्रे लावून देणाऱ्या कामगाराने, मला गेटवर गाठले आणि मी लाल पेनाने दोन नावांची अदलाबदल केली. पुढचे तीन महिने हातमोजे कोणते मागवायचे यावरसुद्धा “साहेब, तुम्हीच सांगा” एवढेच उत्तर मिळत राहिले.

तेव्हापासून पहिल्याच दिवशी मी कागदावर तीन रकाने आखतो: गटाने ठरवायचे, मला विचारून ठरवायचे आणि माझ्याकडेच राहणारे. पहिल्या रकान्यातला निर्णय पटला नाही, तरी महिनाभर मी तोंड उघडत नाही. हे जमायला मला बरीच वर्षे लागली.

दुसरी चूक उतावळ्यांची, म्हणजे दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि रंगीत फलक उरकून पाठ फिरवण्याची. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांच्या प्रयोगात स्वयंचलित मागांच्या खात्यातली विखुरलेली कामे एकत्र करून, ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी घेणारे छोटे गट बनवले गेले. त्यापूर्वी २२४ मागांवर २९ कामगार १२ प्रकारच्या कामांत वाटलेले होते, त्यामुळे सदोष कापडाची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरत नसे. हा प्रयोग यशस्वी झाला, हे सगळे सांगतात. १९७० मध्ये संशोधक एरिक मिलर यांनी तिथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा ती पद्धत एका खात्यात टिकलेली आणि इतरत्र झिजत गेलेली आढळली, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. बाहेरून येणारा दबाव अंगावर घेणे हे व्यवस्थापकाचे काम गट स्थापन झाल्यावरही उरते.

गटाला जबाबदारी देऊन बोनस व्यक्तीनिहाय ठेवू नये. पहिल्याच आठवड्यात ‘समन्वयक’ नेमणे म्हणजे मुकादमाला नवे नाव देणे होय. आणि नाकारलेल्या मालाचा आकडा गटापासून लपवू नये. पूर्वी माझ्या खणात कुलुपात असलेला तो तक्ता आता यंत्राशेजारी टांगलेला असतो, आणि तो गटातलाच कोणीतरी रोज भरतो.